अखंड रेघ

दगड फोडला की बाई आधी त्याला जीभ लावायच्या. "ओला झाल्याशिवाय रंग सांगत नाही हा," म्हणायच्या. मग भिंग डोळ्याशी धरून इतका वेळ उभ्या राहायच्या की आमच्या शिपायाला वाटे, बाईंना ऊन लागलं.

पेणच्या कार्यालयात बाई भूवैज्ञानिक होत्या आणि मी नकाशे काढणारा. रोह्यापर्यंतच्या डोंगरांत खडकांचे थर कुठे वाकलेत, कुठे तुटून सरकलेत, ते त्या पायी हिंडून टिपायच्या आणि मी शाईने उतरवायचो. कुणी काही सुचवलं की त्यांचा ठरलेला प्रश्न: "स्वतः चालून आलात?" कोलाडच्या हॉटेलातली मिसळ फार तिखट, असं मी एकदा म्हणालो. "स्वतः खाऊन आलात?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जवळ असली की जाच वाटतो त्यांचा.

निडी गावाच्या पलीकडे एका ओढ्यावर धरण व्हायचं होतं. नेमका त्याच्या भिंतीखालूनच बाईंना खडक दुभंगलेला सापडला. नकाशावर अखंड रेघ म्हणजे 'पाहिलं आहे', तुटक रेघ म्हणजे 'असावं'. बाईंची रेघ अखंड होती.

"तुटक करा," साहेब म्हणाले. "जागा मंजूर झालीय."

"असावं कसं म्हणू? त्या भेगेत हात घालून आलेय मी."

दुसऱ्या दिवशी बाई जिते गावाकडे पाहणीला गेल्या आणि साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. नोकरी नवी, घरात तान्हं मूल. मी ब्लेडने रेघ मधेमधे खरवडून तुटक केली.

बाईंनी परत आल्यावर नकाशा पाहिला. मला वाटलं, आता ओरडतील. "उद्या चालायचे जोडे घालून या," एवढंच म्हणाल्या.

ओढ्याकाठी एक म्हातारी शेतकरीण वालाच्या शेंगा तोडत होती. "यांना सांगा," बाई तिला म्हणाल्या.

"पानी हितवर येतं नि गडप व्हतं गो. हितंच भिंत घालनार? फुटली तं आमी जानार, सायेब नाय."

मी भेगेत हात घातला. दगड भाजलेल्या पोह्यासारखा बोटांत चुरला. मान वर करायचं धाडस होईना.

पेणला येऊन मी रेघ पुन्हा अखंड केली आणि खाली सही ठोकली.

"हे कुणी सांगितलं?" साहेब कडाडले. बाई बोलणार, तेवढ्यात मीच म्हणालो, "कुणी नाही. स्वतः चालून आलो."

बाईंची बदली विदर्भात झाली. जाण्याआधी त्यांनी नकाशा आपल्या लेखी हरकतीसह वर पाठवला. "बदली माझी झालीय, खडकाची नाही," म्हणाल्या आणि एस.टी.त चढल्या. पुढे वरच्या लोकांनी तिथे चाचणीचा खड्डा खणला. त्यात ओतलेलं पाणी बघता बघता नाहीसं झालं. भिंत ओढ्यावर बरीच वर सरकवावी लागली.

धरणाच्या समारंभाला पत्रिकेवर साहेबांचं नाव होतं, बाईंचं नव्हतं. पुढच्या रांगेत ती म्हातारी बसली होती, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून. साहेब तिथे बसायला आले.

"नाय. ही त्या बायची हाय."

"त्या येणार नाहीत, आजी."

"म्हायती हाय मला," म्हातारी म्हणाली. हात तिने काढला नाही. साहेब मागे जाऊन बसले.