फसकीची बातमी

"हात दाखव."

मी कागद पुढं ओढला आणि सर असं म्हणाले. टेबलाभोवती आम्ही आठ पोरं. सात जणांचे हात कोणी पाहिले नाहीत. मी दोन्ही पंजे उताणे धरले. वांगी तोडून तोडून बोटांना काळपट रंग बसतो, तो साबणानं जात नाही.

"धुऊन ये. पांढरा कागद आहे."

बाळासाहेब म्हणाला, "सर, धुऊन काय होणार? ते पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे."

सगळे हसले. सरही हसले. मी गेलो, हात धुतले, परत येऊन बसलो आणि लिहायला लागलो. हे मी लपवत नाही.

मी अनसिंगचा, भाजीमळ्यातला. घरातला पहिला मॅट्रिक. आमच्या भागात आर्ट्सचं कॉलेज नवंच निघालेलं, तिथं नाव घातलं. मला वर्तमानपत्रात जायचं होतं, बातमीदार व्हायचं होतं. मराठीचे सर शनिवारी दुपारी वृत्तपत्रलेखनाचा वर्ग घेत. कोण, काय, कुठं, केव्हा, का. एवढं नसेल तर ती बातमीच नाही, असं फळ्यावर लिहीत. नागपूरच्या एका संपादकाशी त्यांची ओळख होती. दर वर्षी एका विद्यार्थ्याला ते त्या संपादकाच्या नावानं शिफारशीची चिठ्ठी देत. त्या चिठ्ठीसाठी मी दोन वर्षं मान खाली घातली.

वर्गाचं एक भित्तिपत्रक निघे. बाकीचे मजकूर लिहीत, सर तपासत, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मोठ्या तावावर पक्की प्रत मी करायची. शिपायाकडून काचेची पेटी उघडून घ्यायची आणि चिकटवायची. पक्की प्रत लावण्याआधी कोणी वाचत नसे. खाली सगळ्यांची नावं. माझं नाही. बाळासाहेब संपादक. आमच्याच गावच्या पाटलाचा पुतण्या. सरांपुढं पुणेरी बोलायचा, माझ्यापुढं वऱ्हाडी. एकदा नावाचं विचारलं तर म्हणाला, "अबे, तू लिहून नाही राह्यला, उतरून राह्यला. उतरोणाऱ्याचं नाव कायले?"

आता बाजाराचं सांगतो.

अनसिंगच्या बाजारात फसकी चालते. पाटलाचा माणूस प्रत्येक पाटीतून ओंजळभर माल उचलतो. कायदा कुठला, हक्क कुठला, कोणी विचारत नाही. एका बाजारच्या दिवशी माझ्या आईनं पाटीवर पदर टाकला.

"हात नोको लावू. पाणी मीनं देल्लं त्या वांग्याले, तुह्या पाटलानं नाही."

माणूस म्हणाला, "लय तोंड आलं वं तुले! पोरगं कॉलेजात गेलं म्हनून?" आणि पाटीला लाथ मारली. वांगी चिखलात. बाया बघत राहिल्या. मी तिथंच उभा होतो. मी काय केलं? खाली बसून वांगी वेचली.

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "कायले शिकून राह्यला रे मंग? वांगे त अडान्यालेबी येचता येतेत."

बाजारात माणसानं मारलेली लाथ पाटीला लागली होती. ही मला लागली.

मी बातमी लिहिली. पाटलाचं नाव, त्याच्या माणसाचं नाव, आईचं नाव. सरांनी वाचली.

"भाषा बरी आहे. पण नावं कशाला?"

"सर, कोण ते यायलाच पाहिजे ना?"

"ते परीक्षेपुरतं. बाळासाहेब, तू जरा नीट करून दे."

नीट केलेली बातमी शनिवारी माझ्या हातात आली. मथळा : 'बाजारात भाजीवालीचा तमाशा'. एका अडाणी बाईनं जुन्या रीतीचा मान न राखता शिवीगाळ केली, खेड्यात शिक्षणाचा प्रसार होणं किती जरुरीचं आहे ते यावरून दिसतं. खाली बाळासाहेबाचं नाव. समासात सरांची सही.

बाळासाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुह्या मायचं नाव काढून टाकलं, पाह्य. उपकार मान."

माझ्या आईला अडाणी म्हणायचं, आणि तेही माझ्याच अक्षरात. ते सगळे चहाला गेले. मी टाक बुडवला. 'बाजारात भाजी' एवढं लिहून झालं आणि हात पुढं जाईना. ताव फाडला. दुसरा घेतला. माझी बातमी पहिल्यापासून लिहिली, एकही नाव न गाळता. खाली माझं नाव लिहिलं, गावासकट. पेटी उघडून चिकटवलं. नेहमीप्रमाणं कोणी वाचलं नाही.

सोमवारी काचेपुढं ही गर्दी. शिपाई धनज गावचा. त्यानं एकाकडून वाचून घेतलं आणि म्हणाला, "बाप्पा, हे त आमच्याइकडबी होते!" बाळासाहेब आला, बघितलं, लाल झाला. "अबे, माह्या काकाचं नाव?" सगळ्यांदेखत वऱ्हाडीत ओरडला. पेटी उघडायला लावून ताव ओरबाडून काढला. पण तोवर तीन तास झाले होते.

सरांनी खोलीत बोलावलं. रागावले नाहीत, ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

"माफी लिहून दे. ही बघ, तुझी चिठ्ठी मी कधीच लिहून ठेवली आहे."

चिठ्ठी पुढं सरकवली. मी वाचली. 'सदर विद्यार्थ्याचे अक्षर वळणदार असून स्वभाव नम्र आहे. कचेरीत नकला उतरवण्याच्या कामी उपयोगी पडेल.'

बस्स. बातमीदार हा शब्द कुठंच नव्हता. दोन वर्षं मी या कागदासाठी हसलो, हात धुतले, गप्प राहिलो.

मी चिठ्ठी त्यांच्याकडं परत सरकवली. "माफी देणार नाही. बातमी खरी आहे."

"मग वर्तमानपत्रात तुला घेईल कोण?"

"तुमच्या चिठ्ठीनंसुद्धा कोणी घेणार नव्हतं, सर."

वर्गातून नाव काढलं. काढू द्या. कारंज्याच्या एका छापखानेवाल्याशी बोलणं झालंय, आमची फसकीविरुद्धची पत्रकं तो छापतो. भाजीवाल्या बायांना वाचता येत नाही, म्हणून मी ती बाजारात मोठ्यानं वाचतो. गेल्या बाजारी पाटलाच्या माणसानं माझ्यापुढं काठी आपटली. मी वाचणं थांबवलं नाही. येत्या बाजारी चार बाया पाट्यांवर पदर टाकणार आहेत, माझी आई धरून. मी तिथं उभा राहणार. जो हात घालील त्याचं नाव, त्याच्या मालकाचं नाव आणि मालकाची बाजू घेणाऱ्या शिकलेल्यांचं नाव, सगळं छापणार. कोणाला विचारून नाही.