पाय जळतात का?

हे मी आजवर कोणालाही सांगितलं नाही. माझे पाय जळत होते आणि मी तीन वर्षं 'नाही' म्हणत राहिलो.

एचआयव्हीचं औषध फुकट मिळू लागलं तसा मी गोंदियाच्या दवाखान्यात जाऊ लागलो. हाडांचा सापळा झालो होतो. वर्षभरात पुन्हा धानाचं पोतं उचलू लागलो. तिथेच पुढे, हे औषध वर्षानुवर्षं घेतलं तर शरीराचं काय होतं याचा अभ्यास सुरू झाला. मी नाव दिलं. दर तीन महिन्यांनी रक्त, वजन आणि प्रश्नांचा कागद. खोली एकच, म्हणून अभ्यासाच्या बाई प्रश्न बाहेर बाकावरच विचारत.

"पायांत मुंग्या? जळजळ?"

"नाही."

धानाच्या रोवणीच्या चिखलात बरं वाटे, बांधावर आलो की निखारे. पण हो म्हटलं आणि गोळीच बंद केली तर?

बाकावर शेजारी नवेगाव बांधचा एक मासेमार असे. आमची तारीख एकच. एकदा माझं उत्तर ऐकून तो परतीच्या बसमध्ये म्हणाला, "तुह्ये पाय नाही जळत, मंग माह्येच काऊन जळून राहिले बे?"

"दिवसभर पाण्यात उभा राहतोस. वात असन," मी म्हणालो.

पुढच्या तारखेला तोही 'नाही' म्हणाला.

त्या हिवाळ्यात जाळं टाकून आल्यावर तो शेकोटीला पाय लावून बसला. कातडी करपल्याचा वास आला तेव्हा त्याला कळलं. पाय बधिर झाले होते. दोन बोटं काढावी लागली. मग डॉक्टरांनी एकेकाला आत नेऊन पायाला कापूस लावून पाहिला. मला तो जाणवलाच नाही.

"कधीपासून?"

"आत्ताआत्ता," मी म्हणालो.

हा त्या गोळीचाच त्रास निघाला; दोघांचीही गोळी बदलली. आता दोघेही पन्नाशीपार, बाकावर साखर आणि बीपीच्या गप्पा. "एचआयव्हीनं सोडलं, आता बीपी मारन आपल्याले," म्हणून तो खदखदा हसतो. येताना डब्यात मासे आणतो. बायको रस्सा करते, मी दोनदा भात घेतो. दिवस चांगले आहेत.

माझेही पाय तेव्हा जळत होते, हे मला त्याला सांगायचं आहे आणि त्या कागदावर लिहून द्यायचं आहे. दोन्ही अजून केलेलं नाही.