तारीख मी टाकतो, मावशी

सोमवारी दुपारी ग्लेंडानं केबिनमध्ये बोलावलं तेव्हा शैलजा बेहेरेला वाटलं, चांगली बातमी असणार. तशी ती होतीही, जेमतेम चार मिनिटं.

ग्लेंडा म्हणजे प्लेनोतल्या त्या रिहॅब सेंटरची मुख्य. खुब्याचं हाड मोडलेली, अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेली म्हातारी माणसं तिथे काही आठवडे राहतात आणि पुन्हा चालायला शिकून घरी जातात. शैलजा त्यांना चालायला शिकवते. फिजिओथेरपिस्ट आहे ती, त्रेपन्न वर्षांची, मूळची सांगलीची, टेक्सासात येऊन पंचवीस वर्षं झालेली. त्यातली अठरा तिनं एकाच हॉस्पिटलात काढली, आणि मग एका शुक्रवारी हॉस्पिटलनं तिचा विभागच बंद करून टाकला. त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदा ती कॉन्ट्रॅक्टवर आली. म्हणजे पगार एजन्सी देणार, काम रिहॅबमध्ये करायचं, आणि जून संपला की रामराम.

ग्लेंडा म्हणाली, जुलैपासून तू आमचीच हो, कायमची. शैलजा हो म्हणाली. मग ग्लेंडानं एक कागद पुढे सरकवला. एजन्सीच्या वकिलाचं पत्र होतं. ‘सदर कर्मचाऱ्यानं ऑप्ट-आउट केलेलं असल्यानं’ तिला पुढचं एक वर्ष या सेंटरमध्ये थेट नोकरी घेता येणार नाही, असं त्यात होतं. शुक्रवारपर्यंत एजन्सीची ना-हरकत आण, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल, असं ग्लेंडानं सांगितलं. ती वाईट बाई नव्हती. पण तिलाही वरून कोणीतरी विचारणारं होतं.

आता ही नोकरी शैलजाला किती हवी होती ते सांगायला हवं. तिच्या नवऱ्याला, यतीनला, दोन वर्षांपूर्वी दोन स्टेंट बसले आणि त्यानं कामाचा नाद सोडला. घरातला आरोग्य विमा तिच्या नोकरीवर चालतो. कॉन्ट्रॅक्ट संपलं की त्याच दिवशी एजन्सीचा विमा संपणार होता, आणि यतीनची पुढची तपासणी होती ऑगस्टमध्ये. या देशात मधल्या काळात नुसतं आजारी पडायचीही चोरी असते.

घरी येऊन तिनं यतीनला सगळं सांगितलं. यतीन हा शांत माणूस. इतका शांत की कधीकधी हात धरून हलवावंसं वाटतं. तो म्हणाला, “जाऊ दे, शैला. दुसरं बघू. टेन्शन घेऊ नकोस.”

“टेन्शन नाही घेतलेलं मी,” शैलजा म्हणाली. “मी चिडलेय. त्यात फरक असतो.”

तिनं ड्रॉवरमधून एजन्सीचा करार काढला, चष्मा लावला आणि डायनिंग टेबलाशी बसली. एकोणतीस पानं. पेशंटच्या फायलीतली एकही ओळ न सोडणारी ही बाई, जानेवारीत ही एकोणतीस पानं न वाचता सही करून मोकळी झाली होती. का, तर समोर अमेय होता. आणि अमेय आपला होता.

अमेय हा एजन्सीचा रिक्रूटर. तिशीतला, पुण्याचा, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडायला सगळ्यात आधी हजर. तिची नोकरी गेल्याचं कळल्यावर त्यानंच आपणहून फोन केला होता. “मावशी, मी असताना तुम्ही कशाला घाबरता?” अशा मुलानं कागद पुढे केल्यावर तो त्याच्यासमोर वाचत बसायचं म्हणजे त्याच्या तोंडावर संशय घेणं झालं. आपल्यात तसं करत नाहीत. आपल्यात सही करतात आणि विचारतात, चहा घेणार ना? परक्या गोऱ्या माणसानं दिलेला कागद आपण चारदा वाचतो, आणि आपल्या माणसानं दिलेला वाचायची आपल्याला लाज वाटते. शैलजाला त्या रात्री स्वतःचा आला तेवढा राग अमेयचाही आला नव्हता.

ऑप्ट-आउटचा कागद तिला चांगला आठवत होता. तो करारासोबत आलाच नव्हता. कामावर रुजू झाल्यानंतर, मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात, फ्रिस्कोच्या शाळेच्या हॉलमध्ये अमेयनं तो आणला. तिच्या एका हातात तिळगुळाचा डबा, दुसऱ्या हातात हळदीकुंकवाचं ताट. “एवढा एक फॉर्म राहिला, मावशी. ऑप्ट-आउट आहे फक्त.” तिला वाटलं, जाहिरातींच्या मेल नकोत म्हणून असतं तसलं काहीतरी असेल. पंचवीस वर्षांत तिनं असे शेकडो चौकोन टिक केले होते. मेल नको, फोन नको, कूपन नको. नको म्हणणं तिच्या हाडात मुरलेलं होतं. पाहुणी म्हणून गेली तरी पहिल्या वाढपाला ती नकोच म्हणायची. तिनं डबा खाली ठेवून सही केली. तारखेच्या रकान्याशी पेन नेलं तर अमेय म्हणाला, “तारीख राहू द्या, मी टाकतो. तुमच्या हाताला तीळ लागलेत.”

आता टेबलाशी बसून तिनं कलम बारा वाचलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर कळलं. करारात कामगाराला एक संरक्षण दिलेलं होतं: आठ आठवडे काम झालं की त्या जागी त्याला थेट नोकरी घेता येईल, एजन्सी आडवी येणार नाही. ऑप्ट-आउट म्हणजे ते संरक्षण आपल्या हातानं सोडून देणं. म्हणजे ती जिला नको म्हणाली होती, ती तिच्याच अंगावरची शाल होती. आणि एजन्सीनं ती घडी घालून कपाटात ठेवली होती.

पण कलमाला खाली एक ओळ होती. कामगाराचं नाव पहिल्यांदा ग्राहकाला, म्हणजे इथे रिहॅबला, कळवण्याआधी सही झाली असेल तरच ऑप्ट-आउट धरला जाईल. नंतर घेतलेली सही रद्द. ग्लेंडानं तिची मुलाखत घेतली तीन जानेवारीला. संक्रांतीचा कार्यक्रम झाला अठराला. म्हणजे तो फॉर्म मुळातच कचरा होता. शैलजानं ग्लेंडाकडून आणलेल्या वकिलाच्या पत्राला जोडलेली फॉर्मची प्रत उलटून बघितली. खाली तिची सही होती, तिरकी, घाईतली. शेजारी दुसऱ्याच अक्षरात तारीख होती: तीस डिसेंबर.

तिनं फोन उघडून अमेयचे जुने मेसेज शोधले. चौदा जानेवारीचा सापडला. ‘मावशी, एक फॉर्म राहिलाय, रविवारी मंडळात आणतो. गुळाची पोळी ठेवा माझ्यासाठी.’ पोळी तिनं ठेवली होती. दोन.

यतीननं तो मेसेज वाचला. मग म्हणाला, “हा एजन्सीला पाठवलास तर पोरगा संपला.” तिनं एजन्सीला मेल लिहून ठेवली. पण लगेच पाठवली नाही. मंगळवारी सकाळी तिनं अमेयला फोन केला आणि सांगितलं की तुझ्या ऑफिसला खरं काय ते तू स्वतः सांग, मला ना-हरकत मिळव, माझं तुझ्याशी भांडण नाही. तो म्हणाला, उद्या लंचला येतो, समोर बोलू.

बुधवारी तो आला. रिहॅबच्या पार्किंगच्या कडेला दोन बाक आहेत, तिथे बसले. बाहेर टेक्सासचं मे महिन्याचं ऊन, आणि अमेय फुल शर्टात.

“मावशी, मी सांगू शकत नाही,” तो म्हणाला. “माझा व्हिसा त्यांच्याकडे आहे. जॉब गेला तर साठ दिवसांत काहीतरी मिळवायचं, नाहीतर देश सोडायचा. यार, तुम्हाला माहितीय सगळं.”

माहीत होतं. तिनंही एकेकाळी व्हिसाचे कागद उशाशी ठेवून रात्री काढल्या होत्या. तिला त्याची दया यायला लागली होती, आणि ती दया येतेय याचाही राग येत होता. ती म्हणाली, “मग माझ्या सहीपुढे तारीख टाकताना हे नाही आठवलं?”

“बॉसनं सांगितलं होतं. ऑडिटमध्ये निघालं की ऑप्ट-आउट राहिलेत, सगळ्यांचे घेऊन या म्हणाला. आणि मावशी, खरंच, तुम्हाला एकट्यांना नाही फसवलं. आणखी अकरा जणांचे मी असेच मागाहून घेतलेत.”

हे तो तिची समजूत घालायला म्हणाला होता. त्याच्या चेहऱ्यावरून तरी तसंच दिसत होतं. शैलजाच्या मनात जी काही दया जमत आली होती ती तिथल्या तिथे आटली.

“अकरा,” ती म्हणाली.

“हो ना. म्हणजे पर्सनल काही नव्हतं.”

“अरे, हे पर्सनल असतं तर मी तुला माफ केलं असतं,” शैलजा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पलीकडे सिगरेट ओढणारा एक नर्स त्यांच्याकडे बघायला लागला. “मला वाटत होतं, पोरगा एकदा घसरला. तू तर धंदाच मांडलास. मावशी म्हणायचं, काका म्हणायचं, पोळ्या खायच्या आणि माणसांचे हात बांधून साहेबाला नेऊन द्यायचे. नावं लिही.”

“कोणाची?”

“त्या अकरा जणांची. तुझा साहेब त्यांना सांगणार नाही. मी सांगणार आहे.”

तो बराच वेळ नाही म्हणत राहिला. मग तिनं फोन पुढे धरला. त्यावर मेल लिहून तयार होती, त्याचा मेसेज जोडलेला होता. ती म्हणाली, मेल आता जाणारच आहे, नावं दिलीस तर निदान एक सरळ काम तुझ्या नावावर राहील. अमेयनं तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. बहुतेक केरळच्या नर्सेस, दोन फिलिपिनो थेरपिस्ट, एक नागपूरचा मुलगा. सातव्या नावाशी पेन थांबलं. शैलजा वाट बघत राहिली. शेवटी त्यानं लिहिलं.

अनया.

अनया म्हणजे त्याची बायको. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मार्चपासून याच एजन्सीतर्फे एका शाळेत काम करत होती, आणि शाळेला ती आवडली होती, हे सगळ्या मंडळाला माहीत होतं.

“तिला माहितीय?”

त्यानं मान हलवली. माहीत नव्हतं. तिनंही न वाचता सही केली होती, स्वयंपाकघराच्या ओट्यावर.

शैलजानं वही ओढून घेतली. मग ती म्हणाली, “तिला तू सांगायचंस. शुक्रवार रात्रीपर्यंत. बाकीच्या दहा जणांना मी फोन करते.” आणि त्याच्यासमोर बसून तिनं मेल पाठवली.

गुरुवारी संध्याकाळी एजन्सीचं उत्तर आलं. दोन ओळी. ना माफी, ना खुलासा. फक्त आमची हरकत नाही एवढंच. शुक्रवारी ग्लेंडानं नेमणुकीचं पत्र दिलं. शैलजानं ते तिच्यासमोर, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, वाचून काढलं. चाळीस मिनिटं लागली. ग्लेंडा घड्याळाकडे बघत बसली, तरी शैलजानं घाई केली नाही. ऑगस्टच्या तपासणीची काळजी मिटली होती, पण घरी येताना तिला आनंद असा झाला नाही. त्या दोन ओळी गाडीत तिला टोचत राहिल्या.

मंडळात बातमी पसरायला तेवढा वेळ पुरेसा होता. तिथल्याच एका मैत्रिणीचा, रेणूचा, फोन आला. एका मराठी मुलाच्या पोटावर पाय दिलास म्हणाली, समजुतीनं घेता आलं असतं म्हणाली. आणखी दोघांनी तेच ऐकवलं. त्या अकरा जणांबद्दल एकानंही विचारलं नाही. शैलजानं तिघांनाही एकच सांगितलं, की माझ्याशी बोलायच्या आधी तुमच्या पोरांचे करार काढून बघा, आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी ती यादीतल्या नवव्या नावाला फोन लावत होती, तेवढ्यात अनयाचाच आला. शैलजानं मनाशी तयारी केली. शिव्या येतील, नाहीतर रडणं येईल, असं तिला वाटलं.

“मावशी, त्याच्याशी काय बोलायचं ते मी नंतर बघेन,” अनया म्हणाली. “माझा करार आत्ता माझ्यासमोर आहे. कुठलं कलम?”

“बारा,” शैलजा म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. “मोठ्यानं वाच. मी ऐकतेय.”