खात्याच्या नावाने बाबांना उत्तर

इथल्या हिंदी मुलखातल्या आमच्या नगरपालिकेच्या कार्यालयाने लोकांच्या तक्रारींसाठी इंटरनेटवर छोट्या संदेशांचं जाहीर खातं उघडलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. साहेब म्हणाले, "मॅडम, आप ही देख लीजिए, आपकी हिंदी शुद्ध है." शुद्ध कसली, मराठी माणूस म्हणून मी हिंदी जपून बोलते, एवढंच.

वीस वर्षं आवक-जावक सांभाळलेली मी. तिथे पत्राला शिक्का असतो, क्रमांक असतो. इथे पहिल्याच दिवशी कुणीतरी लिहिलं, "वाह, क्या व्यवस्था है!" मी लगेच धन्यवाद लिहिले. शेजारच्या टेबलावरची मुलगी हसत सुटली. "मॅडम, ताना मार रहा है वो!" म्हणजे तो टोमणा होता. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी खरोखर कौतुक केलं, तर मी खेद व्यक्त करून बसले.

अशातच एक तक्रार आली, तीही चार तुकड्यांत. एका संदेशात मावेना म्हणून तोडलेली. नावाच्या जागी गुलाबाचं चित्र. "महोदय, सविनय निवेदन है" अशी सुरुवात, शेवटी "भवदीय", आणि मध्ये तुलसी नगरातल्या कडुलिंबाजवळचा खांब, ज्याचा दिवा महिनाभर बंद आहे. मी वाचतच राहिले. ते माझे बाबा होते.

आई गेल्यापासून बाबा माझ्याच सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. त्या दिव्याबद्दल ते रोज जेवताना सांगत आणि मी म्हणत असे, "बाबा, ते माझं टेबल नाही हो." मी त्या खात्याची उत्तरं लिहिते, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. घरी ऑफिसचं बोलायची मला सवयच नाही.

मी ठरलेलं उत्तर टाकलं: शिकायत संबंधित शाखा को भेज दी गई है, असुविधा के लिए खेद है. मग का कोण जाणे, स्वतः उठून खाली दिव्यांच्या शाखेत गेले आणि तिथल्या बाबूच्या डोक्यावर उभी राहिले.

संध्याकाळी बाबांनी चष्मा लावून मला ते उत्तर वाचून दाखवलं. "बघ, तासाभरात उत्तर! कुणीतरी सज्जन माणूस बसलाय तिथे."

मी पोळ्या लाटत होते. हसावं की सांगून टाकावं, काही सुचेना. "हं," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दिवा लागला. बाबांनी आभाराचे तीन संदेश पाठवले आणि वर त्या सज्जनाला विचारलं, आप कहाँ के रहनेवाले हैं? मी तो प्रश्न दिवसभर उघडून बघत होते. खात्याच्या नावाने खोटं लिहिता येईना, आणि खरं तरी काय लिहिणार? त्यात साहेबांनी ते आभार वाचले. "इन बुज़ुर्ग का एक छोटा वीडियो बनवा लीजिए, खाते पर डालेंगे."

आता सांगणं भाग होतं. त्या संध्याकाळी मी बाबांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "बाबा, तो माणूस म्हणजे मीच."

त्यांना आधी कळलंच नाही. मी फोनवर खातं उघडून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं.

"म्हणजे तुला करता येत होतं?"

"तसं नाही, बाबा... खात्यावर लिहिलेलं सगळ्यांना दिसतं ना."

"मी महिनाभर घरात सांगत होतो, तेव्हा?"

ते रागावले नव्हते. खरंच विचारत होते. मी बरंच काही बोलले: अर्ज, शाखा, नियम. बोलता बोलता माझं मलाच ते पटेनासं झालं. ते "असू दे" म्हणाले आणि फिरायला बाहेर पडले.

साहेबांना मी सांगितलं की बुज़ुर्ग व्हिडिओसाठी तयार नाहीत. बाबांना विचारलं मात्र नव्हतं. साहेब "ठीक है" म्हणाले आणि पुढची तक्रार दाखवू लागले. ती गटाराची होती. खाली हात जोडलेली दोन चित्रं होती, आणि ती विनंतीची की टोमण्याची, हे मी शेजारच्या मुलीला विचारायला गेले.