एस्तेरबाईंची खानेसुमारी

कोणाच्याही घरी गेल्या की एस्तेरबाई बसायच्या आधी विचारायच्या, "तुमच्यात बाज चालते का?" मी तिसगावच्या शाळेवर बदलून आलो तेव्हा शेजारधर्म म्हणून त्या भेटायला आल्या आणि माझ्या बायकोला त्यांनी पहिलं वाक्य हेच ऐकवलं. बायकोला वाटलं, बाईंना पाठ टेकायची असेल. तिनं लगबगीनं बाज पुढे ओढली. बाई जमिनीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे चालते. मग तुम्ही माझे नव्हेत." आम्ही शेख. आम्ही त्यांचे कसे असणार, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. पण चौकशीतून बाई कुणाला सूट देत नसत.

त्या मिशनच्या शाळेत शिकवत. उंच, हाडकुळ्या, चाळिशी ओलांडलेल्या. आवाज असा की त्यांच्या वर्गातले पाढे माझ्या वर्गात पाठ व्हायचे. आडनाव लावत नसत, कारण त्यांना ते नव्हतंच. मोठ्या दुष्काळात तिसगावच्या रस्त्यावर खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं. तिथं मिशनवाल्यांना चारेक वर्षांची एक पोर एकटी बसलेली सापडली. तिला नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. त्यांनी तिला नगरच्या अनाथाश्रमात नेलं आणि एस्तेर हे नाव दिलं. खाटेवर निजवलं की ही पोर किंचाळून खाली उतरे आणि म्हणे, "देव रागावंल." आश्रमातल्या म्हाताऱ्या बाईंनी हे पुढे तिला सांगितलं. आपल्या घराबद्दल एस्तेरबाईंना ठाऊक होतं ते एवढंच.

दुसऱ्या कोणी एवढ्यावर नशिबाला बोल लावून विषय संपवला असता. बाईंनी नगरची बरी नोकरी सोडून मुद्दाम तिसगावची शाळा मागून घेतली. खडीच्या कामावर येणारी माणसं आसपासच्या गावांतलीच असणार, हा त्यांचा हिशेब. रविवारी प्रार्थना आटोपली की वहाणा चढवून निघायच्या. पाद्रीसाहेब समजावत, की प्रभूच्या घरात तुला सगळं मिळालं, आता मागचं कशाला उकरतेस? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी रस्त्यावर सापडले, कबूल. पण रस्त्यानं मला जन्म दिला नाही ना?" लग्नाचं कोणी काढलं तर म्हणायच्या, "आधी माहेर सापडू दे, मग सासर बघू." माहेर सापडेना आणि सासरही राहून गेलं.

शोध लागणार तरी कसा? मिशनची बाई दारात दिसली की लोक पोराबाळांना घरात ओढायचे. ही बाटवायला आली, असाच समज. एका गावात तर त्यांच्यावर कुत्रं सोडलं. बाई पुढच्या रविवारी त्याच दारात गेल्या. जाताना कुत्र्यासाठी भाकरी घेऊन गेल्या.

अशात एकेचाळीस सालची खानेसुमारी आली. मोजणीचं काम आम्हा मास्तरांच्याच गळ्यात पडायचं. आम्ही सगळे ते टाळायला बघत होतो आणि एस्तेरबाई ते मागायला कचेरीत गेल्या. कारकून म्हणाला, हे बाईमाणसाचं काम नाही. बाई व्हरांड्यात बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसल्या. शेवटी साहेबांनी आत बोलावलं, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मोजताना बायका मोजता ना साहेब? मग मोजणाऱ्यांत एक बाई असली तर काय बिघडलं?" साहेब हसले आणि चार गावं देऊन टाकली. देखरेखीला मला नेमलं. मी मनातून चरफडलो. पण बाईंनी काय साधलं हे हळूहळू ध्यानात आलं. आता सरकारच त्यांना प्रत्येक घरात पाठवणार होतं.

काम मात्र त्या चोख करत. माझा जीव जाईपर्यंत चोख. माणशी एक चिठ्ठी भरायची, तर मी दुपारपर्यंत एक आळी उरकायचो आणि बाई तिसऱ्या घरात बसलेल्या असायच्या. लोक मुलगे सांगत, बैलांचंही विचारल्याविना सांगत आणि पोरी विसरत. बाई उठून झोळीत डोकावायच्या. "ही कोण निजलीय? हिला का नाही सांगितली?" एकदा मी वैतागून म्हणालो, की एवढ्याशा पोरीवाचून सरकारचं काय अडलंय? तर माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मोजायची राहिली की पोरगी हरवायला वेळ लागत नाही, मास्तर."

ते गाव आमच्या यादीतलं शेवटचं. नाव लिहीत नाही. त्या घरची नातवंडं अजून तिथं नांदताहेत. घर खातंपितं होतं. दावणीला बैल, फळीवर पितळेची चकचकीत भांडी. दारात सारजाबाई नावाची म्हातारी बाजरी पाखडत होती आणि तिचा मुलगा किसन जू दुरुस्त करत होता. घरभर नजर टाकून बाईंनी विचारलं, बाज कुठं दिसत नाही?

"आमच्यात चालत न्हाई," म्हातारी सूप न थांबवता म्हणाली. "देव भुईला बसल्याला. आपुन वर निजलो तर त्यो रागावंल."

बाईंच्या हातातला टाक थांबला. मला वाटलं, आता या काहीतरी बोलून बसतील. पण नाही. त्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि छापील प्रश्न विचारला: मुलं किती झाली, त्यांतली हयात किती?

"पाच झाली. हयात ह्यो एक." तिघं तान्हेपणीच गेली, असं म्हातारीनं सांगितलं, आणि एक पोरगी दुष्काळात.

"तिला पुरली कुठं?"

सूप थांबलं. किसननं मान वर करून मला विचारलं, "मास्तर, ह्ये बी सरकार इचारतं व्हय?" मी नाही म्हणालो. बाई म्हणाल्या, "सरकार नाही, मी विचारते. खडीच्या कामावर राहिली ना ती?" म्हातारी उठली आणि आत गेली. किसननं आम्हाला वाट दाखवली.

परतताना मी बाईंना समजावलं, की घर कळलं, आई दिसली, आता पुरे करा. त्यांना घेऊन तुम्ही काय करणार? बाई रस्त्यातच थांबल्या. "मला त्यांचा घास नको आणि वाटा नको. पण तिनं मला मेलेल्यांत धरलंय, मास्तर. मी जिवंत आहे."

त्या पुन्हा गेल्या. चिठ्ठी तपासायची आहे, हे निमित्त होतंच. किसननं त्यांना वेशीवरच अडवलं आणि हात जोडले. त्याच्या मुलीची सोयरीक जमली होती. आत्या ख्रिस्ती आहे म्हटल्यावर ती मोडणार, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बाईंनी ऐकून घेतलं, त्याला शब्द दिला, की बाहेर कुठं बोलणार नाही. आणि त्याच आठवड्यात, तो शेतावर असताना, मला बरोबर घेऊन त्या पुन्हा त्या दारात उभ्या राहिल्या. शब्द न बोलण्याचा होता, न जाण्याचा नव्हता.

म्हातारी एकटी होती. बाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि काहीच विचारलं नाही. मग म्हातारीच बोलायला लागली, आमच्याकडे न बघता. नवरा कामावरच पटकीनं गेला. दोन लेकरं आणि अंगात त्राण नाही.

"दोगं उचलनं हुईना. ह्याला काखंत मारला अन् तिला मिशनच्या तंबूम्होरं बसीवली. तितं कांजी वाटत हुते. म्हनलं, हितं जगंल. मागं वळून बगितलं न्हाई बाई. बगितलं अस्तं तर पाय निघाला नस्ता, अन् समदीच मेलो अस्तो."

मला तिथं उभं राहवेना. बाई मात्र तशाच बसून होत्या. म्हातारीनं अखेर त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "मास्तर, चुकीचं लिवलंय तुमी. हयात दोन लिवा." बाईंनी पिशवीतून चिठ्ठी काढली, एकचा आकडा खोडून दोन केला आणि खाली माझी सही घेतली. मग म्हातारीनं विचारलं, "जेवलीस का, भिवरे?" तिनं दिलेली भाकरी त्यांच्या हातून दोनदा खाली पडली.

सरकारच्या कागदावर बाई जिवंत झाल्या, गावात नाही. म्हातारीनं कोणाला सांगितलं नाही आणि बाईंनीही दिलेला शब्द पाळला. किसनच्या मुलीचं लग्न झालं, त्याचं बोलावणं त्यांना नव्हतं. तिसगावच्या बाजाराला म्हातारी यायची, तेव्हा बाई वाण्याच्या दुकानाशी जाऊन उभ्या राहायच्या. दोघी भाव विचारल्यासारखं चार शब्द बोलायच्या आणि आपापल्या वाटेनं जायच्या. मला त्या किसनचा राग यायचा. बाई म्हणायच्या, "त्याला काखेत घेतलं हा त्याचा गुन्हा आहे का?"

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी एक माणूस सायकलवरून माझ्या शाळेत आला. सारजाबाई पहाटे गेली, असं त्यानं सांगितलं आणि मिशनची शाळा कुठं ते विचारलं. मी म्हणालो, तिथं काय काम आहे? तो म्हणाला, "किसननानांनी मयत थांबीवलंय. लेक आल्याबिगर उचलायचं न्हाई म्हनत्यात."

मीही बाईंबरोबर गेलो. अंगणात सगळं गाव बसलं होतं, किसनचे व्याहीसुद्धा. बाईंचं पांढरं पातळ पाहून कुजबुज सुरू झाली. एका म्हाताऱ्यानं ही कोण म्हणून मोठ्यानं विचारलं. किसन उठून उभा राहिला. तोंडात पाणी घालायचा गडवा त्याच्याच हातात होता; तो त्यानं बाईंच्या हाती दिला.

"भन हाय माजी," तो व्याह्यांकडे बघत म्हणाला. "आदी तिला घालू द्या. थोरली हाय ती."

बाईंनी आईच्या ओठांवर पाणी सोडलं. मला रडू आवरलं नाही, आणि आवरायचा मी प्रयत्नही केला नाही. मयत उठलं, पुरुष नदीकडे गेले. परत आल्यावर मी निघायच्या तयारीत बाईंना शोधलं, तर त्या घरच्या बायकांमध्ये भुईवर बसल्या होत्या. मी चलता का म्हणून विचारलं.

"पाद्रीसाहेबांना माझी दहा दिवसांची रजा सांगा, मास्तर," त्या म्हणाल्या. "कारण विचारतील, तर सांगा, बाईंना सुतक आहे."