धैदची काळी माती आणि आमची बादली

शनिवारी सकाळी सातला दुबईतल्या करामातून, आमच्या घरून निघालो ते थेट धैदला, शारजाच्या वाळवंटातल्या एका सेंद्रिय शेतावर. नवरा गाडी चालवत होता. मागे आमची अकरा वर्षांची इरा, मांडीवर शाळेच्या प्रोजेक्टची बादली. तिच्यात मूठभर आणलेली गांडुळं, आता जेमतेम सात उरलेली. आपणच जास्त पाणी घालून बाकीची मारली म्हणून पोरगी दोन दिवस रडत होती. शेतावर काहीतरी उपाय सांगतील, एवढीच आशा.

रस्ता सुरेख, तासाभराचा. वाटेत करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा घ्याच. टपरीसमोर हॉर्न वाजवला की गाडीत आणून देतात. दोन दिरहम, म्हणजे पन्नासेक रुपये. शेतावर आधी फोन करून जा आणि जुने बूट घाला.

चौफेर लालसर वाळू आणि मध्येच खजुरांची गार सावली! केरळचे मॅनेजर शाजीभाई यांनी एका झाडाखाली खुरप्याने उकरलं, आणि मी बघतच राहिले. काळीभोर, ओलसर, भुसभुशीत माती, आणि तिच्यात वळवळणारी गांडुळं.

"पंधरा साल पहले इधर सिर्फ रेत था, मॅडम. पत्ता जलाएगा तो कार्बन पूरा हवा में. ये लोग खाएगा तो थोडा मिट्टी में रहेगा, पानी भी पकडेगा."

"बट इन सम कोल्ड फॉरेस्ट्स दे ईट टू मच," इरा म्हणाली. "ऑल द लीव्ज जस्ट डिसअपिअर."

"करेक्ट! उधर का जंगल अलग. इधर हम लाया, हम ही खिलाता है."

मला लेकीचं फार कौतुक वाटलं. मग शाजीभाईंनी आमची बादली उपसली. झेंडूच्या पाकळ्या, कुंकू आणि कापराचे दोन-तीन तुकडे निघाले.

"कपूर किसने डाला? इनके लिए तो जहर है!"

निर्माल्य कचऱ्यात टाकवत नाही, आणि इथे नदी कुठली? पूजा झाली की मी ते गुपचूप इराच्या बादलीत पुरत होते. माती पवित्र, एवढंच डोक्यात. ती रडत होती तेव्हा शंका आली होती, तरी मी गप्प बसले. याची मला अजून लाज वाटते.

"मी टाकला," मी म्हटलं.

"यू न्यू?" इराने विचारलं.

"शंका होती गं."

शाजीभाईंनी सातही गांडुळं ताज्या मातीत ठेवून दिली. "बचेगा, इन्शाल्ला."

वाळूवर वीतभर काळी माती तयार व्हायला पंधरा वर्षं लागतात, हे मी विसरणार नाही. तुम्हीही बघून या. घरी आल्यावर इराने प्रोजेक्टची वही उघडली. 'मिस्टेक्स'च्या पानावर तिने पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलं होतं. ते खोडून माझं लिही, मी म्हटलं. वाटलं, राहू दे म्हणेल.

तिने लिहिलं. पेनाने.