त्याच्या दारासमोरची प्रार्थना

माझा धाकटा भाऊ काविळीने गेला. डॉक्टरांनी दारूचा थेंबही वर्ज्य सांगितला होता. घरासमोरच्या दारू विकणाऱ्याला ते ठाऊक होते, कारण मीच जाऊन त्याला सांगितले होते. तरी त्याने भावापुढे ग्लास ठेवला. “घोटभरानं काय हुतंय?” असे तो म्हणाल्याचे भावाने मला दवाखान्यात सांगितले. पुढे त्याच माणसाने भावाच्या शवपेटीला खांदा दिला. तो आमच्याच चर्चच्या मंडळीतला. रविवारी दानाची थैली तोच फिरवीत असे. मी त्याला दूर लोटले नाही. मात्र कबरीवर माती टाकताना ठरवले, की याचे दुकान ओस पाडायचे.

मी स्वतः त्याआधीच दारूतून सुटलो होतो. सोडवले ख्रिस्ताने. हे कोरडेपणाने सांगतो, कारण ते तसेच घडले. सकाळी हात थरथरत असताना प्रार्थना केली, दिवस निभावला. दुसऱ्या सकाळी पुन्हा केली.

निवृत्त प्राथमिक शिक्षकाजवळ सूड घ्यायला असते काय? मोकळा वेळ, एक ओटा आणि सतरंज्या. दर गुरुवारी, साखर कारखान्याची पाळी सुटताना, म्हणजे त्याच्या धंद्याच्या ऐन वेळी, मी ओट्यावर घरप्रार्थना सुरू केली. एक गीत, एक शास्त्रपाठ, मग साक्ष, म्हणजे कोणीतरी दारूची आपली कहाणी सांगायची. पहिल्या गुरुवारी त्याच्या दाराकडे वळलेल्या एका ट्रॅक्टरचालकाला मी हाक मारली.

“इकडे या. चहा घ्या.”

“गुरुजी, आमचं चहानं भागत न्हाई.”

“माझंही भागत नव्हतं. बसा.”

तो बसला. पुढच्या खेपेस साडूला घेऊन आला. ज्याचे हात फार थरथरत, त्याला मी आधी श्रीरामपूरला डॉक्टरांकडे नेई, प्रार्थना नंतर. काही टिकले, काही परत रस्ता ओलांडून गेले. टिकलेल्यांच्या घरांतला आरडाओरडा थांबला. मला त्याचे समाधान होते. पण नवा माणूस सतरंजीवर टेकला, की माझी नजर आधी समोरच्या दाराकडे जाई.

“सलाम गुरुजी!” एकदा तो तिकडून ओरडला. “आमची गिऱ्हाइकं बाटवता व्हय?”

“तूही ये. जागा आहे.”

“मी आलो तर गावाला पाजायला कोन ऱ्हाईल?”

त्याच्या दारातले दोघेतिघे हसले. त्यांपैकी एक पुढे आमच्यात आला.

माझ्या मनातले पाळकसाहेबांच्या ध्यानात आले. “गुरुजी, सूड देवावर सोपवा,” ते म्हणाले.

“सोपवला आहे. मी फक्त सतरंजी घालतो.”

दुकान ओस पडत गेले. उरलेला माल तो स्वतःच पिऊ लागला. अखेर दार बंद झाले आणि एका गुरुवारी, प्रार्थनेपूर्वी, त्याची बायको माझ्या ओट्यापाशी आली.

“गुरुजी, ह्यांना तुमच्यात बसवा. रक्ताची उलटी झालीया. डाक्टर म्हनला, आता थेंब बी नको.”

तेच शब्द. नकार देणे मला सोपे होते, आणि त्याचा शेवट काय झाला असता, हे माझ्याइतके गावात कोणालाच माहीत नव्हते.

“आणा,” मी म्हटले.

तो आला. मी त्याला माझ्या समोर बसवले. आमच्यात एक नियम आहे: नव्या माणसाने पहिल्या दिवशी बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. लाजेने कोणी पळू नये, म्हणून तो मीच घातलेला. त्या संध्याकाळी साक्ष मी दिली. भावाचे पिवळे डोळे सांगितले. त्याचे फुगलेले पोट सांगितले. तो ग्लास सांगितला. ग्लास कोणी दिला, ते सांगितले नाही. ऐकणाऱ्या सर्वांना ते माहीत होते.

त्याच्या बशीत चहा सांडला. “गुरुजी, मला बोलू द्या,” तो म्हणाला.

“आज नाही.”

“एकच शब्द—”

“नियम सर्वांना सारखा. ऐक.”

आणि मी पुढे सांगत राहिलो, पेटी उचलेपर्यंत. तो मान खाली घालून रडत होता. मी थांबलो नाही. इतक्या वर्षांत मला हवे होते ते मिळत होते, आणि मी ते पुरते घेतले.

पुढच्या गुरुवारी त्याला बोलायची मुभा होती. त्याने सर्वांसमोर क्षमा मागितली. मी “आमेन” म्हटले. त्याहून अधिक म्हटले नाही. क्षमा केली का, असे पाळकसाहेब अजून विचारतात, मी अजून उत्तर देत नाही.

तो पीत नाही. रोज सकाळी मी रस्ता ओलांडून त्याच्या दाराशी जातो आणि त्याला हात पुढे करायला लावतो. बोटे स्थिर आहेत का, ते पाहतो. हा माणूस मी दारूला परत देणार नाही.